शिट्टी नसलेलं मैदान

तीन रात्री मला एका लिंबाने झोपू दिलं नाही.

प्रकरण असं. माझी मुलगी रुंजी दुसरीत आहे. तिच्या शाळेच्या क्रीडादिनाच्या सूचनेत लिहिलं होतं, की लिंबू-चमचा शर्यतीसाठी लिंबू आणि चमचा प्रत्येकाने घरून आणावा. चमचा दातांत धरायचा, हात पाठीमागे, चमच्यात लिंबू, आणि ते न पाडता पलीकडच्या दोरीपर्यंत जायचं. आदल्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघर ते गॅलरी असा सराव केला. लिंबू सात वेळा पडलं. आठव्या वेळी ते फ्रिजखाली गेलं, रुंजीचा ओठ थरथरायला लागला, आणि मी सुरी उचलली. लिंबाच्या बुडाची एक पातळ चकती काढली, शर्टाच्या बटणाएवढी. त्यानंतर लिंबू चमच्यात असं बसलं, जसे गादीवर शेटजी. रुंजीने खाली वाकून ते बघितलं आणि विचारलं, "असं चालतं?"

मी म्हटलं, "चालतं गं. सगळेच काही ना काही करतात."

मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. केलं आहे. सहज आपलं सांगून ठेवते.

रुंजी पहिली आली. मी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला. पदक तिने स्वतःच फ्रिजच्या लोहचुंबकाला अडकवलं, पण अक्षरं आतल्या बाजूला करून. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पुढच्या आठवड्यात ती निरोप घेऊन आली, की आंतरशालेय शर्यतीसाठी बाईंनी तिला निवडलंय. दप्तर ठेवता ठेवता तिने विचारलं, "आई, तिथे पण तसंच लिंबू न्यायचं?"

मी बालसंगोपनावरचे लेख नेमाने वाचणारी बाई आहे. मूल जेवत नसेल, अंगठा चोखत असेल, तर काय करावं हे सगळं त्यांत असतं. लिंबाबद्दल काही सापडलं नाही. मग वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट आठवली. रविवारी सकाळी मटार सोलता सोलता मी ती रुंजीला सांगितली. तिला सांगताना सोपी केली. इथे मात्र माझ्या मनात आहे तशी लिहिते. तपशील थोडे माझ्या पदरचेही असतील.

नदीकाठच्या एका गावी, तिथल्या महाविद्यालयात, एकदा एक वृद्ध फुटबॉल-प्रशिक्षक होते. गाव तालमींचं, त्यामुळे फुटबॉल शिकवणाऱ्यालाही तिथे वस्तादच म्हणत. वस्तादांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. एक म्हणजे त्यांचं लाकडी स्टूल. तीस वर्षं ते मैदानाच्या कडेला, करंजाच्या झाडाखाली, त्याच स्टुलावर बसत आले होते. दुसरी म्हणजे त्यांच्याजवळ शिट्टी नव्हती.

त्यांच्या सरावात पंचही नसे. ज्याच्याकडून चूक होईल, त्याने जागच्या जागी थांबायचं आणि उजवा हात वर करायचा. चेंडू हाताला लागला, कुणाला पाय आडवा घातला, सदरा ओढला, जे काही असेल ते. हात वर झाला की खेळ थांबे, चेंडू दुसऱ्या बाजूला जाई आणि खेळ पुन्हा सुरू होई. या प्रथेला दोन पोटनियम होते. हात वर करणाऱ्याला कुणी टोमणा मारायचा नाही, शाबासकीही द्यायची नाही. आणि दुसऱ्याच्या चुकीकडे बोट दाखवायचं नाही. ज्याचा हात त्यानेच वर करायचा.

दरवर्षी नवी मुलं येत, तेव्हा पहिला महिना मैदानाचा बाजार होई. कुणाचाच हात वर होत नसे. "तुझा हात लागला" आणि "तुझ्या डोळ्याला लागलं काय" एवढंच ऐकू येई. वस्ताद स्टुलावरून हलत नसत. महिन्याभराने कधीतरी एखादा मुलगा, भांडून थकल्यामुळे असेल किंवा आणखी कशामुळे, चेंडू सोडून उभा राही आणि हात वर करी. त्या दिवशी वस्ताद घरी लवकर जात. शहरातले इतर संघ या मुलांची टर उडवत. ती सामन्याला उतरली की प्रेक्षकांतून हाक येई, "आलं बघा भजनी मंडळ, हात वर करत."

वस्तादांचा एक शिष्य होता. एकेकाळी त्यांच्याच संघाचा कर्णधार, आता त्यांचा सहायक. अर्ज भरणं, प्रवेशिका पाठवणं, मुलांच्या हजेरीची जुळवाजुळव, ही सगळी लिहिण्याची कामं तो बघे. वस्ताद फक्त सही करत. पुढेमागे ते स्टूल याच शिष्याकडे येणार, हे सर्वांनी गृहीत धरलं होतं.

त्या वर्षी एकोणीस वर्षांनी संघाने विद्यापीठाचा करंडक जिंकला. अंतिम सामन्यात बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टीवर गेला. गोलरक्षकाने शेवटचा फटका डावीकडे झेप घेऊन असा अडवला, की हरलेल्या बाजूचे लोकही क्षणभर उभे राहिले. गावाने मिरवणूक काढली. आणि पंधरा दिवसांत हरलेल्या महाविद्यालयाची तक्रार दाखल झाली.

तक्रारीत आरोप चार होते. बाहेरचे खेळाडू खेळवले, वयाचे दाखले खोटे, दोन मुलं नापास असूनही मैदानात उतरवली, आणि पंचांना जेवण दिलं. वर्तमानपत्रांत रोज काही ना काही येऊ लागलं. ज्यांनी मिरवणुकीत वस्तादांना खांद्यावर घेतलं होतं, ते चहाच्या टपरीवर म्हणू लागले, की एकोणीस वर्षांनी करंडक उगाच येत नसतो. वस्ताद रोज वेळेवर येऊन स्टुलावर बसत राहिले. शिष्य मात्र तळमळत होता. त्याने तक्रारीतल्या एकेका आरोपावर कागदांचा गठ्ठा तयार केला.

चौकशीला तिघांची समिती आली. अध्यक्षा एक वयस्क प्राध्यापिका होत्या. दिवसभर त्यांनी कागद तपासले, मुलांना एकेक करून बोलावलं, पंचांशीही बोलल्या. चारही आरोप निराधार ठरले. संध्याकाळी प्राचार्यांच्या खोलीत चहा झाला, फाईल बांधली गेली, आणि अध्यक्षाबाई म्हणाल्या, की एवढं ज्यांच्याबद्दल ऐकलं तो सराव एकदा बघून मग निघू. कडुलिंबाच्या ओळीजवळ तीन खुर्च्या मांडल्या गेल्या.

सराव रंगात आला होता. ताज्या फक्कीच्या रेघा उतरत्या उन्हात पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या. तेवढ्यात वस्ताद स्टुलावरून उठले. पायात चप्पल, धोतराचा सोगा हातात, असे ते कडेची रेघ ओलांडून आत गेले. तीस वर्षांत खेळ चालू असताना त्यांनी ती रेघ ओलांडली नव्हती. चेंडू त्यांच्या अंगावरून गेला तरी ते थांबले नाहीत. मैदानाच्या मधोमध जाऊन ते उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

खेळ थांबला. त्या मैदानावर वर गेलेला हात कुणाचा आहे हे बघायची पद्धत नव्हती; तो दिसला की पाय थांबत. बावीस मुलं जिथे होती तिथे उभी राहिली. नदीकडून येणारा वाराच तेवढा चालू होता.

शिष्य धावत आत गेला. त्याला वाटलं, दिवसभराच्या त्रासाने म्हाताऱ्याचं भान सुटलं. तो हलक्या आवाजात म्हणाला, "वस्ताद, हात खाली घ्या. तुम्ही खेळतच नव्हता."

"खेळत होतो," वस्ताद म्हणाले. "तुम्हाला दिसलो नाही, एवढंच."

मग हात तसाच ठेवून ते खुर्च्यांकडे वळले आणि सांगू लागले. या गोलरक्षकाची आई पाच आठवडे इस्पितळात होती. तो तिच्याजवळ राहिला, त्यामुळे त्याची वर्गातली हजेरी कमी भरली, आणि विद्यापीठाच्या नियमाने तो स्पर्धेला अपात्र होता. सराव शिबिरात काढलेले दिवस हजेरीत धरतात. तेव्हा हा मुलगा बावीस दिवस शिबिरात होता, असा दाखला आपण सही करून दिला. तो एकही दिवस शिबिरात नव्हता. दाखल्यात काय लिहिलंय हे त्या मुलाला ठाऊक नव्हतं. आपल्याला रीतसर सवलत मिळाली, असंच तो समजत होता.

अध्यक्षाबाईंनी बांधलेल्या फाईलकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "हे आम्ही विचारलं नव्हतं."

"या मैदानावर विचारत नाहीत, बाई."

कुणी टोमणा मारला नाही. कुणी शाबासकी दिली नाही. नियमच तसा होता. गोलरक्षकाने हातमोजे काढले आणि ते गोलाच्या खांबापाशी नीट एकावर एक ठेवले. आता चेंडू दुसऱ्या बाजूला द्यायचा होता. पण दुसरी बाजू कोणती? कर्णधाराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग त्याने चेंडू पायाच्या आतल्या बाजूने हळूच ढकलला, तो खुर्च्यांच्या दिशेने. चेंडू घरंगळत गेला आणि अध्यक्षाबाईंच्या चपलेला टेकून थांबला. त्या वाकल्या, तो मातीने भरलेला चेंडू त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि मांडीवर घेतला. तेव्हाच वस्तादांचा हात खाली आला.

हे सांगताना मी मटार सोलायची थांबले होते. रुंजीही थांबली होती. तिच्या मुठीतल्या शेंगेतून एक दाणा निसटून टेबलाखाली गेला, पण तो उचलायला ती उतरली नाही.

समिती पुन्हा प्राचार्यांच्या खोलीत गेली. बांधलेली फाईल सोडावी लागणार होती. मुलं मुकाट्याने घरी गेली. वस्ताद करंजाखाली आले आणि सायकलच्या कॅरिअरला स्टूल दोरीने बांधू लागले. उद्यापासून आपण येणार नाही, असं त्यांनी प्राचार्यांना सांगितलं होतं. शिष्य त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलला. समितीने काही विचारलं नव्हतं, तो म्हणाला. तुम्ही सुटला होता. आता करंडक जाईल, आणि तो काही तुमच्या एकट्याचा नव्हता. त्या पोरांनी काय केलं होतं? तुमचा हात वर झाला, तुमचं मन हलकं झालं. त्यांच्या हातातलं मात्र गेलं. आणि दाखला दिला तो तरी कशासाठी? आजारी आईजवळ बसलेल्या पोरासाठी. तेवढी दया करायची नाही माणसाने?

वस्तादांनी दोरीची गाठ पक्की केली. मग ते कॅरिअरला टेकून उभे राहिले.

"दया म्हणू नकोस," ते म्हणाले. "मीही महिनाभर तेच म्हणत होतो. दया असती तर मी त्या पोराला घेऊन विद्यापीठात गेलो असतो आणि सांगितलं असतं, की याची आई अशी आहे, याला खेळू द्या. कदाचित हो म्हणाले असते. मी गेलो नाही, कारण कदाचित नाही म्हणाले असते. ती भीती होती. भीतीला दयेचा सदरा घालून मी सही केली. आणि करंडक पोरांचा गेला म्हणतोस. तो त्यांना मिळालाच कधी? मी त्यांच्या हातात ठेवला होता. त्यांनी मिळवलंय ते वेगळंच आहे. ते मघाशी तू बघितलंस. इतकं घडलं, पण एक पोरगा तोंडातून ब्र काढत नाही आणि चेंडू कुणाला द्यायचा ते शोधत राहतो. मी गप्प राहून निघून गेलो असतो, तर उद्यापासून या मैदानाला शिट्टी लागली असती. मग करंडक ठेवून काय केलं असतं?"

शिष्याची मान खाली गेली.  मग त्याने जे विचारलं, ते मघाच्या रागाखाली दडलेलं खरं दुखणं होतं.

"तो दाखला मी लिहिला होता, वस्ताद. बावीस हा आकडा माझ्या हातचा आहे. तुम्ही नुसती सही केली. तुम्ही सगळं सांगितलंत, मग माझं नाव का घेतलं नाहीत?"

वस्ताद सायकल स्टँडवरून काढत म्हणाले, "दुसऱ्याचा हात धरून वर करता येत नाही, लेका. आपल्या मैदानावर ते कधी चाललेलं नाही."

एवढं बोलून ते निघाले. सायकलवर बसले नाहीत. स्टूल हलेल म्हणून ती हातात धरून चालत गेले. त्यांची पाठ फाटकाबाहेर दिसेनाशी होईपर्यंत शिष्य करंजाखाली उभा राहिला. स्टुलाच्या चार पायांनी तीस वर्षांत जमिनीत पाडलेले चार खळगे त्याच्या पायाशी होते.

समितीची गाडी अजून प्राचार्यांच्या खोलीबाहेर उभी होती. शिष्य तिच्याकडे चालू लागला. वर्गाच्या खिडक्या लावणाऱ्या शिपायाने त्याला जाताना पाहिलं. तो पुढे अनेकांना सांगे, की मैदान रिकामं होतं, कुणी बघत नव्हतं, आणि अर्ध्या वाटेवर पोचण्याआधीच त्या माणसाचा हात वर गेलेला होता.

गोष्ट इथे संपते. करंडक परत गेला का, शिष्याला ते स्टूल मिळालं का, हे वडिलांनी मला कधी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. लहानपणी मला ही गोष्ट वस्तादांची वाटे. आता वाटतं, तो चेंडू कुणाला द्यावा हे कळत नसताना तो बरोबर जागी ढकलणाऱ्या मुलाची ती असेल. असलं काही आपल्याला शिकवता येईल का, हे मला माहीत नाही.

पण त्या रविवारी माझं लक्ष दुसरीकडे होतं. मी ही गोष्ट एक बेत मनात धरून सांगायला घेतली होती. बेत असा, की ऐकून रुंजीला आपोआप कळेल, सोमवारी ती बाईंकडे जाईल आणि लिंबाचं सांगून टाकेल. मग मी तिला जवळ घेईन आणि आम्हा दोघींना बरं वाटेल. बेत झकास होता. वस्तादांचं शेवटचं वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत तो झकासच होता. "दुसऱ्याचा हात धरून वर करता येत नाही," असं मी म्हटलं, आणि मला ऐकू आलं, की मी गेला पाऊण तास नेमकं तेच करते आहे. सात वर्षांच्या मुलीचं मनगट धरून बसले आहे. सुरी कुणी उचलली होती?

वाचकहो, शिकवायला बसलेल्या माणसाने आधी आपले हात कुठे आहेत ते बघावं.

मी हातातली शेंग ताटात ठेवली. स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, उजवा हात वर केला. अगदी सरळ, कान झाकेल असा. फार विचित्र वाटलं. शेजारच्या खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर वरच्या फळीवरचा डबा काढतेय असं वाटलं असतं. मी म्हटलं, "लिंबू मी कापलं होतं, रुंजी. तू विचारलंस तेव्हा चालतं म्हणाले. ते चालत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं."

रुंजी हसली नाही. माझी कीव केली नाही, की शाब्बास आई असंही म्हणाली नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या उलट्या पदकाकडे पाहिलं. खुर्चीवरून उतरून टेबलाखालचा मटाराचा दाणा उचलून ताटात टाकला. मग माझ्यासमोर येऊन तिने ओंजळ पुढे केली आणि म्हणाली,

"मग आता चेंडू माझा ना?"